वाइनचे शॉर्टकट: मेनूत न येणारे आणि मेनूतून न जाणारे

लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून विंडोजचा प्रोग्राम बसवला की दोनपैकी एक तक्रार ठरलेली. प्रोग्राम नीट बसला, टर्मिनलमधून चालतोही, पण अ‍ॅप्लिकेशन मेनूत त्याचं नावच नाही. किंवा बरोबर उलट: प्रोग्राम कधीच काढून टाकला, वाइनचं फोल्डरही उडवलं, तरी त्याचं नाव मेनूत ठाण मांडून बसलंय आणि क्लिक केलं तर काहीच होत नाही. तिसरी तक्रार वेगळी वाटते, पण मूळ तेच आहे. साध्या टेक्स्ट फाइलवर डबल-क्लिक केलं की नेहमीचा एडिटर न उघडता वाइनचा नोटपॅड उघडतो. एकदा दुरुस्त करावं, तर काही दिवसांनी पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण आपण मेनूतली नोंद दुरुस्त करतो आणि ती नोंद कोण लिहितं हे पाहत नाही. लिहिणारा एकच आहे: वाइनमेनूबिल्डर नावाचा छोटा प्रोग्राम. तो वाइनच्या आतच असतो, न दिसता चालतो, आणि त्याची स्वतःची एक खतावणीही असते. ती खतावणी कुठे आहे हे कळलं की तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो.

आधी एक सूचना. खाली कमांड, फोल्डर आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची, आणि लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो हे विसरायचं नाही.

आत काय घडतं

विंडोजचा इन्स्टॉलर आपलं काम संपवताना स्टार्ट मेनूत आणि डेस्कटॉपवर एलएनके प्रकारची शॉर्टकट फाइल जतन करतो. वाइनमध्ये हे जतन करण्याचं काम शेल३२ या लायब्ररीतून होतं, आणि त्याच क्षणी ती वाइनमेनूबिल्डरला हाक मारते. तो शॉर्टकट वाचतो, ईएक्सई फाइलमधून चित्र काढतो आणि लिनक्सच्या डेस्कटॉपला समजेल अशा भाषेत सगळं पुन्हा लिहितो. हे लिखाण होम फोल्डरात चार ठिकाणी जातं:

~/.लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स/वाइन – इथे डॉट-डेस्कटॉप फाइल, म्हणजे खरी नोंद
~/.कॉन्फिग/मेनूज/अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्ड – इथे 'वाइन' नावाच्या उपमेनूची रचना
~/.लोकल/शेअर/डेस्कटॉप-डिरेक्टरीज – इथे त्या उपमेनूंची नावं
~/.लोकल/शेअर/आयकॉन्स/हायकलर – इथे वेगवेगळ्या आकारांची चित्रं

आता खतावणी. कोणत्या शॉर्टकटसाठी कोणती लिनक्स फाइल लिहिली, हे वाइनमेनूबिल्डर वाइनच्या रजिस्ट्रीत (विंडोज पद्धतीच्या सेटिंगांच्या साठ्यात) टिपून ठेवतो: एचकेसीयूखाली सॉफ्टवेअर, त्यात वाइन, त्यात मेनूफाइल्स. पुढे मूळ शॉर्टकट नाहीसा झाला की ही यादी वाचून तो संबंधित नोंद मेनूतून काढतो. पण रजिस्ट्री राहते कुठे? प्रीफिक्समध्ये. प्रीफिक्स म्हणजे वाइनचं ते फोल्डर, ज्यात खोटा सी ड्राइव्ह असतो. वेगळं काही सांगितलं नसेल तर ~/.वाइन. थोडक्यात, नोंदी प्रीफिक्सच्या बाहेर आणि त्यांचा हिशोब आत. आरएम कमांडने प्रीफिक्स उडवला की हिशोब जळतो, नोंदी राहतात, आणि त्या कुणाच्या हे सांगणारं कुणी उरत नाही.

पहिली तपासणी: फाइल बनली का?

मेनूत काही दिसत नसेल तर लॉगआउट-लॉगइन करण्याआधी वर दिलेल्या चारपैकी पहिलं फोल्डर उघडा. प्रोग्रामच्या नावाची डॉट-डेस्कटॉप फाइल तिथे आहे की नाही, एवढंच बघायचं. पुढचे दोन रस्ते इथेच फुटतात. हे न बघता कॅशे साफ करण्याच्या कमांडी मारत बसणं हा या विषयातला सगळ्यात मोठा कालापव्यय आहे.

फाइल बनलीच नाही

सगळ्यात जास्त वेळा कारण असं निघतं की वाइनमेनूबिल्डर मुद्दाम बंद केलेला असतो. ल्यूट्रिस आणि बॉटल्स हे वाइनमार्फत प्रोग्राम बसवून देणारे मदतनीस, आणि दोघेही तो बंद ठेवतात. ती चूक नाही. आपली मेनू-व्यवस्था आपण सांभाळू, वाइनने मध्ये पडू नये, असा त्यांचा हिशोब असतो आणि तो मला पटतोही. अशा वेळी प्रोग्राम ज्यातून बसवला त्याच्याच खिडकीत 'मेनूत शॉर्टकट बनवा' अशा अर्थाचा पर्याय शोधायचा. वाइनशी झगडण्यात अर्थ नाही.

साधं वाइन वापरत असाल तर वाइनसीएफजी (वाइनची सेटिंगची खिडकी) उघडा आणि 'लायब्ररीज' या टॅबमध्ये वाइनमेनूबिल्डर.ईएक्सई असा ओव्हरराइड 'डिसेबल्ड' होऊन बसलाय का ते पाहा. असेल तर काढा. वाइनडीएलएलओव्हरराइड्स हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बॅशआरसी किंवा प्रोफाइल फाइलमध्ये टाकलाय का, हेही बघा. कुठल्या तरी जुन्या उपायातून ती ओळ आलेली असते आणि आपण ती टाकल्याचंही लक्षात नसतं.

दुसरं कारण जागेचं. वाइनमेनूबिल्डर फक्त स्टार्ट मेनू आणि डेस्कटॉप या ठिकाणच्या शॉर्टकटांची दखल घेतो: पहिले मेनूत आणतो, दुसरे लिनक्सच्या डेस्कटॉपवर. इन्स्टॉलरने शॉर्टकट स्वतःच्याच फोल्डरात ठेवला तर तो त्याकडे ढुंकूनही बघत नाही. 'स्टार्टअप' फोल्डरातल्या शॉर्टकटचंही तसंच.

तिसरं कारण फसवं आहे. फाइल मॅनेजरने एलएनके फाइल उचलून स्टार्ट मेनूच्या फोल्डरात टाकली, तर काहीच घडत नाही. हाक मारली जाते ती विंडोज प्रोग्रामने शेल३२मार्फत शॉर्टकट जतन केल्यावर. बाहेरून फाइल येऊन पडल्याची खबर कुणालाच नसते. जुन्या संगणकावरून प्रीफिक्स जसाच्या तसा आणला तरी मेनू रिकामा राहतो, तो याचमुळे. उपाय सोपा आहे, हाक आपणच मारायची. टर्मिनलमध्ये 'वाइन वाइनमेनूबिल्डर' असं लिहून पुढे त्या एलएनके फाइलचा विंडोज पद्धतीचा पूर्ण पत्ता एकेरी अवतरणात द्यायचा. सगळ्यांसाठीचा स्टार्ट मेनू सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, स्टार्ट मेनू या क्रमाने सापडतो. प्रीफिक्स नेहमीच्या जागी नसेल तर कमांडच्या आधी वाइनप्रीफिक्स व्हेरिएबल द्यायला हवा, नाहीतर चुकीच्या खतावणीत नोंद होईल.

एवढं करूनही गप्पच असेल तर वाइनडीबग या व्हेरिएबलला '+मेनूबिल्डर' ही किंमत देऊन तीच कमांड पुन्हा चालवा. कुठला शॉर्टकट वाचला, कुठे लिहायचा प्रयत्न केला, का सोडून दिला, सगळं पडद्यावर येतं.

फाइल आहे, पण मेनूत नाही

लिनक्सवर डेस्कटॉपचे (खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या व्यवस्थेचे) अनेक प्रकार आहेत. त्यातल्या ग्नोमवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे उपमेनू हा प्रकारच नाही. 'वाइन' नावाचा गट शोधत बसू नका, प्रोग्रामचं नाव टाइप करून शोधा. सिनॅमन, माटे, एक्सएफसीई यांत गट दिसतो.

केडीई प्लाझ्मामध्ये नोंद 'लॉस्ट अँड फाउंड' या गटात जाऊन पडलेली आढळते. याचा अर्थ डॉट-डेस्कटॉप फाइल सापडली, पण अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्ड फोल्डरातली उपमेनूची रचना वाचली गेली नाही. /ईटीसी/एक्सडीजी/मेनूज या फोल्डरातली मुख्य मेनू फाइल उघडा आणि त्यात 'डिफॉल्टमर्जडिर्स' या टॅगनंतर 'मर्जडिर' टॅगमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्ड हे नाव जोडा. मग केबिल्डसायकोका कमांड चालवून मेनू पुन्हा बांधून घ्या. हा मुद्दा फ्रीडेस्कटॉपच्या (लिनक्स डेस्कटॉपांचे सामाईक नियम ठरवणारा प्रकल्प) प्रमाणकात खरं तर स्पष्ट केलेला आहे: मुख्य मेनू फाइलच्या नावाआधी केडीई किंवा ग्नोम असा उपसर्ग असला, तरी जोडण्याचं फोल्डर अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्ड हेच असायला हवं. प्रत्यक्षात सगळ्यांनी ते पाळलेलं नाही.

क्लिक केलं की शांतता

हा भाग नीट वाचा, कारण लिनक्सचं वितरण (उबुंटू, डेबियन वगैरे) अपग्रेड केल्यावर सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

डॉट-डेस्कटॉप फाइल ही साधी मजकूर फाइल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. तिच्यातली एग्झेक (ई-एक्स-ई-सी) ही ओळ बघा. वाइनने लिहिलेल्या ओळीत चार तुकडे असतात: आधी एन्व्ह, मग वाइनप्रीफिक्स बरोबर अमुक पत्ता, मग वाइनची कमांड, आणि शेवटी एलएनके फाइलचा विंडोज पत्ता. मोडतं ते मधल्या दोन तुकड्यांत.

प्रीफिक्सचा पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, होमपासून नव्हे तर मुळापासून. युजरनेम बदललं किंवा नवीन संगणकावर वेगळं ठेवलं की सगळ्या जुन्या नोंदी एकाच वेळी निकामी. वाइनच्या कमांडचं नाव हा दुसरा सापळा. डेबियन आणि उबुंटूच्या भांडारातल्या वाइनने बनवलेल्या नोंदींत 'वाइन-स्टेबल' अशी कमांड लिहिलेली आढळते. ते पॅकेज काढून वाइनएचक्यूचं, म्हणजे खुद्द वाइन प्रकल्पाचं, पॅकेज बसवलं, की तिकडचा प्रोग्राम /ऑप्ट फोल्डरात जातो आणि त्या नावाची कमांड जागेवर राहीलच असं नाही. नवीन बसवलेले प्रोग्राम चालतात, जुने चालत नाहीत, आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

यातली गंमत अशी. ग्नोम आणि त्याच्या जीलिब लायब्ररीवर उभे असलेले डेस्कटॉप एग्झेक ओळीतला पहिला शब्द प्रणालीत सापडतो का हे तपासतात, आणि न सापडल्यास नोंदच लपवतात. वाइनच्या ओळीत पहिला शब्द एन्व्ह असतो आणि तो सगळीकडे असतोच. म्हणून नोंद दिसत राहते आणि क्लिक केल्यावर मुकी होते. उलट, तुम्ही हाताने लिहिलेल्या फाइलीत सुरुवातच चुकीच्या कमांडने केलीत तर नोंद एक शब्दही न बोलता गायब. एकाच चुकीची दोन टोकाची रूपं.

नेमकं काय फुटतंय हे बघायला टर्मिनलमध्ये 'जीआयओ लाँच' आणि पुढे डॉट-डेस्कटॉप फाइलचा पत्ता द्या. मेनूतून क्लिक केल्यावर जी चूक गिळली जाते ती इथे दिसते. नोंदी बऱ्याच असतील तर एकेक उघडत न बसता सेड कमांडने वाइन-स्टेबलच्या जागी वाइन करून टाका. आधी फोल्डरची प्रत मात्र काढून ठेवा.

ओळ हाताने सुधारताना विंडोजच्या पत्त्यात एका बॅकस्लॅशच्या जागी चार का दिसतात, असा प्रश्न पडेल. फाइल वाचताना एकदा आणि कमांड सोडवताना पुन्हा एकदा, असे दोन वेळा ते निम्मे होतात. त्यातले दोन कमी केले की पत्ता मोडतो.

नोंद हाताने लिहायची झाली तर

पोर्टेबल प्रोग्राम, म्हणजे नुसती ईएक्सई फाइल असलेले, कधीच मेनूत येणार नाहीत. इन्स्टॉलरच नाही तर शॉर्टकट कोण बनवणार? जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉण्टांतल्या फाइली उघडण्यापुरता एखादा जुना प्रोग्राम जपून ठेवणारे अनेक जण आहेत, त्यांनाही हाच रस्ता.

~/.लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरात नवी डॉट-डेस्कटॉप फाइल करा. वाइनच्या उपफोल्डरात नको, म्हणजे पुढे वाइनचा कचरा काढताना आपली फाइल वाचेल. पहिली ओळ चौकटी कंसात डेस्कटॉप एन्ट्री. मग टाइप, नेम, एग्झेक, पाथ, आयकॉन, कॅटेगरीज. एग्झेक ओळीत विंडोजचा पत्ता देण्याची सक्ती नाही. वाइनला ईएक्सई फाइलचा लिनक्स पद्धतीचा पत्ता, ड्राइव्ह_सीमधून जाणारा, थेट चालतो. बॅकस्लॅशची कटकटच संपते. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अख्खा तुकडा दुहेरी अवतरणात हवा. टिल्ड (~ हे चिन्ह) किंवा होम व्हेरिएबल इथे चालत नाही, कारण ही ओळ शेल (टर्मिनलमधल्या कमांडी वाचणारा प्रोग्राम) वाचत नसतो. बऱ्याच जणांची नोंद याच एका टिल्डवर अडलेली असते.

पाथ ही ओळ ऐच्छिक असली तरी गाळू नका. तिच्यात ईएक्सई जिथे आहे त्या फोल्डरचा लिनक्स पत्ता द्यायचा. जुने प्रोग्राम आपल्या डेटा फाइली 'सध्याच्या फोल्डरात' शोधतात. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन चालवला तर चालतो आणि मेनूतून चालवला तर फाइल सापडत नाही म्हणून ओरडतो, असं झालं की दोष या ओळीचा.

चित्र हवं असेल तर आयकोयूटिल्स हे पॅकेज बसवा. त्यातल्या रेसटूलने (स्पेलिंग डब्ल्यूपासून सुरू होतं) ईएक्सईमधला १४ क्रमांकाच्या प्रकारचा, म्हणजे आयकॉन-गटाचा रिसोर्स काढून आयसीओ फाइलीत घ्यायचा, आणि आयकोटूलने त्यातून पीएनजी वेगळ्या करायच्या. त्यातली मोठी पीएनजी कुठेही ठेवून तिचा पूर्ण पत्ता आयकॉन ओळीत दिला तरी पुरतं.

खाली टास्कबारवर प्रोग्रामचं चित्र न येता वाइनचं किंवा कोरं चित्र येत असेल, तर स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास ही ओळ हवी. किंमत शोधायला एक्सप्रॉप कमांड चालवून प्रोग्रामच्या खिडकीवर क्लिक करा आणि डब्ल्यूएम_क्लास काय येतंय ते पाहा. वाइनमध्ये बहुधा ईएक्सईचंच नाव, लहान अक्षरांत.

मराठीत वापरणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ: नेमनंतर चौकटी कंसात एमआर हा भाषासंकेत लिहून पुढे देवनागरीत नाव द्यायचं. प्रणालीची भाषा मराठी असेल तेव्हा मेनूत ते दिसतं, इंग्रजी असेल तेव्हा मूळ नाव. घरातल्या दोघांची खाती वेगवेगळ्या भाषांत असतील तर हे फार सोयीचं पडतं. शेवटी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट कमांडने फाइल तपासून घ्या.

भुतं कशी घालवायची

अजून प्रीफिक्स शिल्लक असेल तर क्रम असा ठेवा: 'वाइन अनइन्स्टॉलर' चालवून आतला प्रोग्राम रीतसर काढा, मग 'वाइन वाइनमेनूबिल्डर -आर' चालवा. हा -आर खतावणी वाचून मूळ शॉर्टकट नसलेल्या नोंदी पुसतो. त्यानंतर प्रीफिक्स उडवा. आयकॉनच्या काही फाइली तरीही मागे राहू शकतात, त्या निरुपद्रवी आहेत.

प्रीफिक्स आधीच गेला असेल तर हाताने साफसफाई करण्यावाचून पर्याय नाही. अ‍ॅप्लिकेशन्समधलं वाइन हे उपफोल्डर, अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्डमधल्या आणि डेस्कटॉप-डिरेक्टरीजमधल्या वाइनने सुरू होणाऱ्या फाइली काढा, मग अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस कमांडला ~/.लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्सचा पत्ता देऊन चालवा. सावध: एकापेक्षा जास्त प्रीफिक्स असतील तर त्या सगळ्यांच्या नोंदी याच फोल्डरांत एकत्र असतात. ग्रेप कमांडने एग्झेक ओळीतला प्रीफिक्सचा पत्ता शोधून तेवढ्याच काढा.

नोटपॅडचं अतिक्रमण

फाइलींचे प्रकार वाइनशी जोडण्याचं कामही वाइनमेनूबिल्डरच करतो. त्यासाठी तो अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरात 'वाइन-एक्स्टेन्शन' ने सुरू होणाऱ्या फाइली लिहितो. त्यांत नोडिस्प्ले ट्रू असल्याने त्या मेनूत कधी दिसत नाहीत, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. नवा प्रीफिक्स बनला की तो आपली यादी पुन्हा लिहितो. एकेका प्रोग्रामला वेगळा प्रीफिक्स द्यायची (चांगली) सवय असेल तर हा त्रास दर वेळी भोगावा लागतो.

वाइनसीएफजीमध्ये 'डेस्कटॉप इंटिग्रेशन' टॅबवर फाइल असोसिएशन सांभाळण्याची एक चौकट आहे, तिची खूण काढा. ती त्या एका प्रीफिक्सपुरती असते. सगळ्या प्रीफिक्सना कायमचं लागू करायचं तर वाइनडीएलएलओव्हरराइड्समध्ये वाइनमेनूबिल्डर.ईएक्सई बरोबर डी असं प्रोफाइल फाइलीत टाकावं लागेल. मग मेनूतल्या नोंदीही बनणार नाहीत, त्या हाताने कराव्या लागतील. माझं मत विचाराल तर चार-पाचच प्रोग्राम वापरणाऱ्याने हाच मार्ग धरावा. आधीच पडलेल्या वाइन-एक्स्टेन्शन फाइली आणि ~/.लोकल/शेअर/माइम/पॅकेजेसमधल्या एक्स-वाइन-एक्स्टेन्शनच्या फाइली काढा, आणि एक्सडीजी-माइम कमांडने टेक्स्टसाठी आपला एडिटर ठरवून टाका. स्पष्ट ठरवलेली निवड माइमअ‍ॅप्स फाइलीत जाते आणि वाइनच्या दाव्यापेक्षा वरचढ ठरते.

दोन किरकोळ गोष्टी

उबुंटूच्या डेस्कटॉपवर आलेलं चिन्ह उघडत नसेल तर उजवं क्लिक करून 'अलाऊ लाँचिंग' निवडा. तो पर्यायच दिसत नसेल तर फाइलला चालवण्याची परवानगी नाही, ती सीएचमॉडने द्या.

बॉटल्स फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रामला बंदिस्त कुंपणात बसवणारी पद्धत) बसवलं असेल तर ते आपल्या कुंपणाबाहेर लिहू शकत नाही आणि मेनूत नोंद टाकण्याचा पर्याय अडतो. फ्लॅटसील (फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलणारा प्रोग्राम) उघडून, किंवा फ्लॅटपॅक ओव्हरराइड कमांडने, त्याला एक्सडीजी-डेटा/अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डराची परवानगी द्या आणि बॉटल्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. ही परवानगी '--युजर' लावून दिली तर फक्त तुमच्या खात्यापुरती राहते.